धुराच्या गाडीने डेंग्यू जातो का? जगात कुठे काय लागू पडलं

अळीमिळी
सोम, रात्री ९:२०

जुलै उजाडला की आमच्या भागातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मागणी सुरू होते, धुराची गाडी बोलवा. गाडी येते, पाच मिनिटं ढग होतो, सगळे खोकतात आणि कुणीतरी फोटो टाकून नगरसेवकांचे आभार मानतं. मी कीटकशास्त्र शिकलेय म्हणून लोक दरवर्षी मला विचारतात आणि उत्तर ऐकून दरवर्षी नाराज होतात. म्हणून इथे एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

डेंग्यू, चिकनगुनिया, झिका आणि पीतज्वर (यलो फीव्हर) या चारांचा शहरातला मुख्य वाहक एकच, एडिस इजिप्ती. हा डास दिवसा चावतो आणि माणसाच्या घरातच राहतो. पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे, कपाटाच्या सांदीत बसलेला असतो. रस्त्यावरून सोडलेला धूर तिथवर पोचत नाही, त्यात धूर आला म्हणून आपणच खिडक्या लावून घेतो. ते औषध उडत्या डासाच्या अंगाला लागलं तरच काम करतं, मागे काही उरत नाही. पिंपातल्या अळ्या आणि कोष जागच्या जागी असतात, दुसऱ्या दिवशी नवी फौज बाहेर. शिवाय वर्षानुवर्षं त्याच पायरेथ्रॉइड गटातली औषधं वापरल्यामुळे जगातल्या कित्येक शहरांत हा डास त्यांना दाद देईनासा झालाय.

फवारणी कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहरात डेंग्यूचा रुग्ण ज्या ज्या घरात जाऊन आला, त्या घरांत शिरून फर्निचरखाली, कपाटात, भिंतींच्या खालच्या पट्ट्यात टिकणारं औषध मारलं. तिथली पुढची लागण ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचं २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. पण ते काम माणसांनी घरोघर वाकून केलेलं आहे. त्याचा फोटो चांगला येत नाही.

या डासाला माणसाने एकदा जवळजवळ हरवलंही होतं. क्यूबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१मध्येच सांगितलं होतं की पीतज्वर डासामुळे पसरतो. वीस वर्षं कुणी मनावर घेतलं नाही. १९००मध्ये वॉल्टर रीड यांच्या अमेरिकी लष्करी आयोगाने ते सिद्ध केल्यावर लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी हवानात पथकं नेमली. प्रत्येक घराची तपासणी, पाण्याचं प्रत्येक पिंप झाकलेलं, उघड्या पाण्यावर रॉकेलचा थर, अळ्या सापडल्या तर दंड. १९०१ संपेपर्यंत हवानातला पीतज्वर गेला होता. तेव्हा ना लस होती ना डीडीटी.

पुढे रॉकफेलर फाउंडेशनच्या फ्रेड सोपर यांनी ब्राझीलमध्ये हेच अधिक कडक शिस्तीत केलं. १९४७मध्ये अमेरिका खंडातल्या देशांच्या आरोग्य संघटनेने एडिस इजिप्ती अख्ख्या खंडातून हटवायचा ठराव केला. १९५८मध्ये ब्राझील मुक्त जाहीर झाला आणि १९६२पर्यंत असे १८ देश झाले. मग पैसे आटले. डासच दिसत नाही तर त्याच्या खात्यावर खर्च कशाला, हा प्रश्न अर्थमंत्र्याला पडणारच. अमेरिकेने स्वतःच्या दक्षिण भागात मोहीम उशिरा सुरू केली आणि १९६९मध्ये अर्ध्यावर सोडली, त्यामुळे शेजाऱ्यांकडे डास परत जायला वाट कायम मोकळी राहिली. १९८१मध्ये क्यूबात डेंग्यूचे ३,४४,००० हून अधिक रुग्ण झाले, १५८ माणसं गेली, त्यांत १०१ मुलं. आणि २०२४मध्ये, एकेकाळी 'मुक्त' असलेल्या त्याच ब्राझीलमध्ये, साठ लाखांहून जास्त संभाव्य रुग्ण.

माझं मत सरळ आहे. धूर हा दाखवायचा कार्यक्रम आहे. उपयोगी पडतं ते पगारी माणसांनी साथ नसतानाही, दर आठवड्याला, कंटाळवाण्या पद्धतीने केलेलं काम. नवं तंत्रज्ञान त्याला जोड देतं, त्याची जागा घेत नाही. तुमच्या गावात किंवा देशात काय चालतं ते लिहा.

---

चहाबाज
सोम, रात्री ९:४१

पहिला! जागा अडवून ठेवतोय, सविस्तर नंतर. आमच्या गल्लीत गाडी आली की डास नाही पण शेजारची मंडळी तासभर गायब होतात, एवढा फायदा नक्की.

---

निशिगंधा
सोम, रात्री ११:०५

उत्तम लेख. सिंगापुरात बरीच वर्षं राहतेय, इथलं सांगते.

इथे हा विषय पूर्णपणे सरकारी शिस्तीचा आहे. रोगवाहक कीटकांचा पहिला कायदा १९६८चा. पर्यावरण खात्याचे निरीक्षक केव्हाही दार वाजवतात, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, बांबूचे कपडे वाळत घालायचे दांडे, सगळं टॉर्चने बघतात. घरात अळ्या सापडल्या तर दोनशे डॉलर दंड. बांधकामाच्या जागेवर सापडल्या तर काम थांबवतात, प्रकरण कोर्टात जातं. वस्तीत रुग्ण आढळले की फलक लागतो, दहाच्या आत पिवळा आणि दहा किंवा जास्त असतील तर लाल. इमारतींच्या मजल्यांवर काळ्या नळकांड्यासारखे सापळे ठेवलेले असतात, अंडी घालायला आलेली मादी त्यात चिकटते. कुठे डास वाढतोय ते खात्याला रुग्ण येण्याआधीच कळतं.

एवढं करूनही २०२०मध्ये ३५,००० रुग्ण झाले, तोवरचा उच्चांक. २०२२मध्ये पुन्हा ३२,०००. आधी मला हे कोडंच वाटायचं. कारण असं सांगतात की सत्तरच्या दशकापासून डास इतका कमी झाला (शंभर घरांमागे दोन-एक घरांत अळ्या) की दोन पिढ्यांना डेंग्यू फारसा झालाच नाही, म्हणजे प्रतिकारशक्तीही कमी. अशा शहरात थोडे डासही साथ पसरवायला पुरतात. म्हणजे यशाची किंमत पुढे कधीतरी वसूल होते.

म्हणून २०१६पासून इथे वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास सोडतात. आमच्या इमारतीतही सोडले. खात्याची मुलं पारदर्शक नळकांडी घेऊन येतात, झाकण उघडतात, डासांचा ढग उठतो. सासूबाई सुट्टीत इथे होत्या, त्यांना वाटलं यांचं डोकं फिरलंय.

---

संशयात्मा
मंगळ, सकाळी ८:१५

तुमच्या सासूबाईंच्या बाजूने एक मत माझं. डास कमी करायला डास सोडायचे? आणि दंडाचं म्हणाल तर आपल्याकडे दंड कुणाला होईल हे सांगायला नको. ज्याच्या बांधकामाच्या खड्ड्यात तळं साचलंय त्याला नाही, चाळीतल्या बाईला होईल, तिच्या पिंपात चार अळ्या निघाल्या म्हणून.

---

अळीमिळी
मंगळ, दुपारी १:३०

@संशयात्मा, दुसऱ्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. पहिल्याबद्दल थोडं लिहिते, कारण इथे दोन वेगवेगळ्या पद्धती एकाच नावाखाली खपतात.

वोल्बाकिया हा जिवाणू जवळपास निम्म्या कीटक प्रजातींत नैसर्गिकरीत्या असतो, फळमाशीत असतो, एडिस इजिप्तीत मात्र नसतो. प्रयोगशाळेत सुईने अंड्यात टोचून तो त्यात बसवला. सिंगापूर फक्त नर सोडतं. नर चावत नाहीत. असा नर साध्या मादीशी जुगला की तिची अंडी उबत नाहीत, म्हणून संख्या घटते. खात्याच्या अभ्यासात अशा वस्त्यांत डेंग्यूचा धोका सत्तर टक्क्यांहून जास्त कमी झाला. पण सोडणं थांबवलं की बाहेरून डास पुन्हा येतात, म्हणजे कारखाना कायम चालू ठेवावा लागतो. श्रीमंत आणि छोट्या देशाला हे परवडतं.

दुसरी पद्धत इंडोनेशियातल्या योग्यकर्ताची. तिथे माद्याही सोडतात. जिवाणू असलेली मादी चावते, पण तिच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. आणि तिची पिल्लं जन्मतःच तो जिवाणू घेऊन येतात, त्यामुळे काही महिन्यांत भागातले बहुतेक सगळे डास तसेच होतात. मग पुन्हा सोडायची गरज फारशी राहत नाही. डास राहतो, रोग कमी होतो. योग्यकर्तात शहराचे २४ भाग केले, चिठ्ठ्या टाकून १२ भागांत घरांच्या आवारात अंड्यांच्या बादल्या ठेवल्या, उरलेल्या १२ भागांत नाही. दोन्हीकडचे तापाचे रुग्ण तपासले. जिवाणूवाल्या भागांत डेंग्यू ७७ टक्क्यांनी आणि इस्पितळात दाखल व्हायचं प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी. निकाल २०२१मध्ये आला. डासांच्या बाबतीत इतक्या काटेकोर चाचण्या फारच थोड्या झाल्यात. धुराच्या बाजूने असा पुरावा मला तरी कुठे सापडलेला नाही.

आता 'लोक सोडू देतील का' हा खरा प्रश्न. योग्यकर्तात काम २०११ला सुरू झालं, पहिले डास २०१४ला सोडले. मधली वर्षं गल्लोगल्लीच्या बैठकांत गेली, आणि बादली कुणाच्या अंगणात ठेवायची ते त्या घराला विचारून ठरलं. त्याच देशात बालीमध्ये २०२३ला लोकांच्या विरोधामुळे कार्यक्रम पुढे ढकलावा लागला. तंत्र तेच होतं. फरक लोकांना विश्वासात घेण्याचा.

---

जुनी_कात्रणं
मंगळ, संध्या. ७:५०

भारताने या विषयात एकदा चांगलाच चटका खाल्लाय, त्याची आठवण करून देतो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा विभाग उघडला होता. पैसा अमेरिकेचा, पीएल-४८० योजनेत भारताला विकलेल्या गव्हाच्या रुपयांतला. वंध्य नर डास सोडून संख्या कमी करायची, हीच कल्पना. सोनिपतमध्ये एडिस इजिप्ती सोडायची तयारी झाली होती. तेवढ्यात वर्तमानपत्रांत बातम्या आल्या की अमेरिकेला पीतज्वराचा डास भारतात कसा पसरतो ते जैविक युद्धासाठी बघायचंय. संसदेच्या लोकलेखा समितीनेही ताशेरे ओढले. १९७५मध्ये विभाग बंद. शास्त्रज्ञ सांगत राहिले की हा डास इथे आधीपासूनच आहे आणि सोडणार ते नर आहेत, पण ते सांगायला फार उशीर झाला होता. लोकांना आधी विचारलं असतं तर?

आणि मराठवाड्यातल्या मंडळींना कदाचित आठवत असेल, जालना जिल्ह्यात दावलवाडीला २०१७मध्ये ऑक्सिटेक ही ब्रिटिश कंपनी आणि जालन्यातल्याच एका कंपनीने जनुक बदललेल्या एडिसची चाचणी सुरू केली होती. उघड्यावर नाही, जाळीच्या पिंजऱ्यांत. त्यांच्या नरापासून झालेली पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात, असं ते तंत्र. ब्राझीलमध्ये आणि २०२१पासून फ्लोरिडात ऑक्सिटेकचे जनुक बदललेले डास मोकळ्यावर सोडले गेले, आपल्याकडे गाडी पिंजऱ्यापुढे गेली नाही.

पुदुच्चेरीच्या वाहकजन्य रोग संशोधन केंद्राने २०२२मध्ये वोल्बाकियाच्या देशी वसाहती तयार झाल्याचं जाहीर केलंय. आता तरी आधी गावाशी बोला म्हणावं.

---

निवृत्त_आरोग्यसेवक
मंगळ, रात्री १०:१०

वाचतोय. ताईंनी फार व्यवस्थित लिहिलं आहे. माझी सगळी नोकरी सोलापूर जिल्ह्यात हिवताप विभागात गेली. सिंगापूर पाहिलं नाही, पण पिंपं फार पाहिली.

चिकनगुनिया २००६ला पहिल्यांदा आला असं पुष्कळांना वाटतं. आमच्या बार्शीत १९७३लाच मोठी साथ येऊन गेली होती. आमचे वरिष्ठ सांगायचे, घरंच्या घरं अंथरुणाला खिळली होती, गुडघे-घोटे धरून माणसं बसलेली. मग तो रोग तीस-बत्तीस वर्षं देशातून दिसेनासा झाला आणि २००६ला देशभरात तेरा लाखांवर संशयित रुग्ण देऊन परत आला. तोपर्यंत तो पाहिलेले डॉक्टर निवृत्त झाले होते.

आता मुद्द्याचं. आम्ही घरोघर जाऊन 'कोरडा दिवस पाळा, आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करा, घासा' असं सांगायचो. छापील पत्रक होतं. एका गावात एक आजी म्हणाल्या, "बाबा, नळ येतो आठ दिवसांनी. ओतू कशी? तू भरून देणार का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या गावाला आठवड्याने पाणी, तिथे कोरडा दिवस सांगणं म्हणजे चेष्टाच. लोक पाणी साठवतात ते हौसेने नाही. आमच्याकडे डेंग्यूचा डास उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की वाढायचा, बॅरल आणि सिमेंटच्या टाक्या भरलेल्या असायच्या म्हणून. शहरातले लोक पावसाळ्यापुरतं बोलतात.

मग आम्ही अबेट टाकायचो, म्हणजे टेमीफॉस, अळ्या मारायचं औषध. वास येतो म्हणून लोक आमची पाठ वळली की पाणी उपसून टाकायचे. गप्पी मासे त्यापेक्षा चालले, पण प्यायच्या पाण्यात मासा बऱ्याच घरांना नको असायचा. वापरायच्या हौदात चालायचा.

संशयात्मा म्हणतात ते बरोबर आहे. दंड पिंपाला होतो, नळाला होत नाही.

---

संशयात्मा
मंगळ, रात्री १०:३२

शेवटचं वाक्य चोरणार आहे काका, आधीच सांगतो.

---

अळीमिळी
बुध, सकाळी ११:००

काकांचा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचा गाभा आहे. मूळ लेखात मी निरीक्षक आणि दंड यांवर भर दिला, पण हवानातल्या पिंपांना झाकण घालता आलं कारण कुणीतरी ती झाकणं पुरवत होतं.

साठवलेल्या पाण्याचा प्रश्न ज्यांनी सर्वांत चांगला हाताळला त्यांचं उदाहरण म्हणजे व्हिएतनाम. तिथे खेड्यांत मोठ्या सिमेंटच्या टाक्या, विहिरी, रांजण. वू सिन्ह नाम आणि ऑस्ट्रेलियाचे ब्रायन के यांनी आधी मोजलं की डास नेमके कुठून येतात. बहुतेक सगळे मोठ्या टाक्यांतून येत होते. त्या टाक्यांत त्यांनी मेसोसायक्लॉप्स हा डोळ्याला जेमतेम दिसणारा पाणकिडा सोडला. तो नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या खातो, स्वतःच वाढतो आणि एका टाकीतून बादलीने दुसऱ्या टाकीत नेता येतो. गावातल्या आरोग्य स्वयंसेविका, महिला संघटना आणि शाळेतली मुलं मिळून हे काम करत. टायर, फुटके डबे विकून मुलांना थोडे पैसे मिळत. २००५च्या अहवालात उत्तर आणि मध्य व्हिएतनामच्या ३७पैकी ३२ वस्त्यांतून एडिस इजिप्ती पूर्ण नाहीसा झाल्याची नोंद आहे. पाणी ओतून द्यायला कुणाला सांगावं लागलं नाही.

---

निवृत्त_आरोग्यसेवक
बुध, दुपारी १२:४५

सायक्लॉप्स?! ताई, अहो आम्ही तेच मारायला आयुष्य घातलं. नारू (पाण्यातून पोटात जाऊन पायातून बाहेर येणारा जंत) सायक्लॉप्समुळेच व्हायचा. पायऱ्यांच्या विहिरीत अबेट टाकायचं, पाणी फडक्याने गाळून प्या सांगायचं, हेच नारू निर्मूलन होतं. आता तेच विहिरीत सोडा म्हटलं तर गावातले म्हातारे मला काठीने मारतील.

---

अळीमिळी
बुध, दुपारी २:१०

काका, हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि जिथे नारू अजून आहे तिथे हा उपाय करूच नये असंच सांगितलं जातं. आपल्याकडे नारूचा शेवटचा रुग्ण १९९६चा, २०००मध्ये देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. जंतच नसेल तर सायक्लॉप्स पोटात गेला तरी नारू होत नाही. पण ज्या पिढीला 'पाण्यातला किडा म्हणजे नारू' असं तुम्हीच शिकवलं, तिला उलटं सांगायला तुमच्यासारखाच माणूस लागेल. पत्रकाचं काम नव्हे.

निकाराग्वा आणि मेक्सिकोत एक मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष असाच होता. तिथे लोकांना त्यांच्याच वस्तीतली अळ्यांची आकडेवारी दाखवली आणि काय करायचं ते त्यांनाच ठरवू दिलं. मुलांमधली डेंग्यूची लागण सुमारे ३० टक्क्यांनी घटली. योग्यकर्ताच्या ७७च्या पुढे ३० छोटा वाटतो, पण तो कुठलाही नवा डास किंवा नवं औषध न वापरता मिळालेला आहे.

---

मीठमिरची
बुध, संध्या. ६:२०

लस कधी येणार ते सांगा ना कुणीतरी. बाकी सगळं वाचून अंगाला खाज सुटली. आणि पपईच्या पानांचा रस घ्यावा का?

---

डॉ_घाईत
बुध, रात्री ११:४०

ओपीडी संपवून आलोय, थोडक्यात लिहितो.

पपईचा रस : पेशी मोजत बसून रस पाजण्यापेक्षा पाणी, ओआरएस आणि लघवी होते का तिकडे लक्ष द्या. तापाला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. सगळ्यांत फसवे दिवस ताप *उतरल्यावरचे*. तेव्हा पोटात जोराचं दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं किंवा माणूस मलूल झाला तर थांबू नका, दाखल करा.

लस : पीतज्वराची १७डी ही लस १९३०च्या दशकापासून आहे आणि उत्तम आहे. मॅक्स थायलर यांना तिच्यासाठी १९५१चं नोबेल मिळालं. जपानी मेंदूज्वराचीही आहे. डेंग्यूची अडचण अशी की त्याचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा डेंग्यू झाल्यावर दुसऱ्या प्रकाराचा झाला तर पहिल्याच्या प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडी) आजार कधीकधी जास्त गंभीर होतो. लस अर्धवट असेल तर ती 'पहिल्या डेंग्यू'सारखी वागू शकते. फिलिपिन्समध्ये नेमकं हेच घडलं. २०१६मध्ये शाळांतून डेंगव्हॅक्सिया ही डेंग्यूची लस द्यायला सुरुवात केली, आठ लाखांवर मुलांना दिली, आणि नोव्हेंबर २०१७मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना या लशीमुळे पुढे गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. कार्यक्रम बंद पडला. आयांचा सगळ्याच लशींवरचा विश्वास उडाला, आणि २०१९मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. त्यामागे एवढं एकच कारण नव्हतं, पण हे एक होतं.

आता क्यूडेंगा ही लस आहे (दोन डोस, ब्राझीलने २०२४पासून सरकारी कार्यक्रमात घेतली). ब्राझीलच्याच बुटांटान संस्थेच्या एका डोसच्या लशीला नोव्हेंबर २०२५मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडे पॅनेशिया बायोटेकच्या डेंगीऑल लशीची दहा हजारांवर लोकांवरची तिसऱ्या टप्प्याची चाचणी ऑगस्ट २०२४मध्ये सुरू झाली.

लस आली तरी पिंप झाकायचंच आहे. त्या लशीने चिकनगुनिया आणि झिका थांबत नाहीत.

---

पर्वतीपायथा
गुरु, सकाळी ७:५५

झिकाचं नाव निघालंच आहे म्हणून. महाराष्ट्रातला पहिला झिका रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला २०२१मध्ये सापडला. तापाचे रुग्ण वाढले म्हणून नमुने पुण्याच्या विषाणू संस्थेत गेले, डेंग्यू-चिकनगुनिया शोधता शोधता झिका निघाला. २०२४मध्ये तो पुणे शहरात, एरंडवण्यापासून सुरू झाला. गर्भवतींची यादी करून घरोघर तपासणी केली होती, मी तेव्हा सातव्या महिन्यात होते. ब्राझीलमध्ये झिकामुळे छोट्या डोक्याने जन्मलेल्या बाळांचे फोटो फोनवर बघू नकोस असं नवरा सांगत होता आणि मी तेच बघत होते. ज्या आशाताई दर आठवड्याला येऊन बाल्कनीतल्या कुंड्या बघायच्या, त्यांचं मानधन त्यांना वेळेवर मिळतं का, हे मला तेव्हा पहिल्यांदा विचारावंसं वाटलं. उत्तर तुम्ही ओळखलंच असेल.

---

अप्पेनायन्स
गुरु, दुपारी ३:३०

इटलीहून हजेरी. हे फक्त उष्ण देशांचं दुखणं आहे असं समजणाऱ्यांसाठी : २००७च्या उन्हाळ्यात रावेन्नाजवळच्या कास्तिल्योने दी चेर्विया या छोट्या गावात चिकनगुनियाची साथ आली, दोनशेच्या वर रुग्ण. सुरुवात केरळहून आलेल्या एका पाहुण्यापासून झाली. इथे एडिस इजिप्ती नाही, पण त्याचा भाऊ वाघ्या डास, म्हणजे अल्बोपिक्टस, जुन्या टायरांच्या व्यापारातून आलाय. टायरच्या आत अंडी चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहतात आणि पाणी लागलं की उबतात. त्यातच हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरच्या २००५-०६च्या साथीत चिकनगुनियाच्या विषाणूत एक बदल झाला आणि तो या वाघ्या डासात जास्त चांगला वाढू लागला. तेव्हा बेटावरच्या जवळपास एक तृतीयांश लोकांना तो झाला होता. आता जवळपास दर उन्हाळ्यात फ्रान्स किंवा इटलीत तिथेच लागण झालेले डेंग्यूचे किंवा चिकनगुनियाचे रुग्ण सापडतात.

---

सचिव_बी_विंग
गुरु, रात्री ८:१५

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. आमची सोसायटी, १४ मजले, खाली दोन तळघरं, एक शोभेचं कारंजं (बंद). रविवारी मीटिंग आहे. धुराचा ठराव आधीच अजेंड्यावर आहे. त्याऐवजी काय मांडू?

---

अळीमिळी
गुरु, रात्री ९:०५

सचिवसाहेब, धुराचे पैसे एका माणसाला द्या. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेला रस्ता. लिफ्टचा खड्डा (इथे नेहमी पाणी असतं आणि कुणी बघत नाही), तळघरातली गटारं आणि पंपाजवळचं साठलेलं पाणी, गच्चीवरच्या टाक्यांची झाकणं, ओव्हरफ्लोच्या पाइपाच्या तोंडाला जाळी, ताडपत्रीच्या घड्या, बंद कारंजं. कारंजं चालू करा नाहीतर कोरडं ठेवा. भांडं नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात, म्हणून काथ्याने घासायचं. सापडलेल्या अळ्यांची नोंद वहीत, जागेसकट. चार आठवड्यांनी ती वही मीटिंगमध्ये वाचा, कुठलं पाणी खरं कारण आहे ते तुम्हालाच दिसेल. घरांत शिरायचं असेल तर बायकांची तुकडी करा, वॉचमनला कुणी स्वयंपाकघरात घेत नाही. हा डास शे-दोनशे मीटरच्या पलीकडे सहसा उडत नाही, त्यामुळे तुमचा डास बहुधा तुमचाच असतो.

---

चहाबाज
गुरु, रात्री ९:१२

"तुमचा डास तुमचाच असतो" हे आमच्या सोसायटीच्या फलकावर लावणार. पण समोरच्या प्लॉटवर बिल्डरने दोन वर्षं खड्डा खणून ठेवलाय, तिथलं तळं शंभर मीटरच्या आत बसतं. त्याचं काय?

---

संशयात्मा
गुरु, रात्री ९:२०

त्यासाठी लेखी तक्रार, फोटो आणि तारीख, वॉर्ड ऑफिसच्या कीटकनाशक विभागाकडे, पोच घेऊन. पंधरा दिवसांत हललं नाही तर माहिती अधिकारात विचारायचं की त्या जागेला नोटीस किती वेळा दिली. मी करून पाहिलंय. खड्डा बुजला नाही, पण पंप लागला.

---

सचिव_बी_विंग
गुरु, रात्री ९:४८

धन्यवाद, दोन्ही मुद्दे घेतो. कारंज्यात गप्पी मासे सोडले तर? आणि ते मिळतात कुठे?

---

निवृत्त_आरोग्यसेवक
गुरु, रात्री १०:२०

पालिकेच्या हिवताप विभागात विचारा, बऱ्याच ठिकाणी त्यांची पैदास केंद्रं असतात आणि फुकट देतात. कारंजं मोठं असेल तर नर-माद्या दोन्ही मागा, म्हणजे वाढतील. पाणी बाहेर जातं त्या तोंडाला जाळी बसवा, नाहीतर पहिल्या पावसात मासे गटारात जातात. ब्लीचिंग टाकायचं नाही, एका रात्रीत सगळे मरतात, हे सफाईवाल्याला आधीच सांगून ठेवा. शेजाऱ्यांना हवे असतील तर टाकीसाठी द्या, पण नदीत किंवा तळ्यात कुणी सोडू नका. हा मासा बाहेरच्या देशातला आहे आणि आपल्या लहान माशांच्या जागा खातो. कारंजं कोरडं ठेवणं जमत असेल तर मात्र तेच करा.